एकाच कागदावर

समुपदेशक बाईंनी "आता थांबूया" म्हटलं तेव्हा तो घराच्या छपरावर होता. कागदावरच्या घराच्या. निळ्या मेणखडूने छपराच्या आडव्या रेघा ओढत तो उजव्या टोकापर्यंत आला होता, सावली द्यायची तेवढी राहिली होती, म्हणून मान वर न करताच तो "एक मिनिट" म्हणाला. बाईंनी ते एक मिनिट दिलं. मग अगदी सहज, रस्ता विचारावा तसं विचारलं, "सर, मॅडम कधी थांबल्या, सांगाल?" त्याने वर पाहिलं. टेबलापलीकडे त्याची बायको खुर्चीला पाठ टेकून बसली होती. तिचा तपकिरी खडू डबीत परत गेला होता, बाकीच्या खडूंच्या ओळीत, नीट. हात मांडीवर. ती खिडकीबाहेर समोरच्या गच्चीकडे बघत होती, तिथे कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. "आत्ताच थांबली असेल," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की आपण थाप मारतोय. बायकोच म्हणाली, "बराच वेळ झाला." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना ती अजून वेळ लागेल असं सांगायची, त्या सुरात. टोमणा असता तर त्याने परतवला असता. त्याची त्याला सवय होती.

खेळ साधा होता. टेबलावर चिकटपट्टीने बसवलेला एक मोठा पांढरा कागद, दोघांनी एकेक खडू उचलायचा आणि मिळून एक चित्र काढायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. हे ऐकल्यावर त्याला जरा हसूच आलं होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे आराखडे काढण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. दिव्याचं, औषधाच्या बाटलीचं, बुटांचं, कसलंही खोकं उलगडून सपाट केल्यावर कागदावर कसं दिसेल हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. आणि इथे आपली परीक्षा चित्रकलेत. बायकोने आधी खालच्या कोपऱ्यातून एक वळणावळणाची रेघ वर आणायला सुरुवात केली होती, तेवढं त्याला आठवत होतं. तो रस्ता असणार हे ओळखून त्याने पटकन वर एक घर घातलं, आणि ती रेघ भरकटायच्या आत तिला दारापर्यंत आणून सोडलं. दुसरी कड मारून तिचा व्यवस्थित रस्ता केला. मग तिने डाव्या बाजूला काहीतरी गोलसर काढलं. ते हवेत लटकत होतं, म्हणून त्याने त्याला बुंधा दिला, झाड झालं. आपण तिला मदत करतोय असंच त्याला त्या वेळी वाटत होतं, अगदी प्रामाणिकपणे. त्यानंतर खिडक्या आल्या, खिडक्यांना गज आले, छप्पर आलं, आणि त्या सगळ्यात समोरचा हात कागदावरून कधी निघून गेला याचा त्याला पत्ताच लागला नाही. आता तो त्या गोलाकडे बघत होता. "हे काय होतं?" त्याने विचारलं. बायको म्हणाली, "झाड झालं ना. असू दे." बाईंनी यावर काहीतरी लिहून घेतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी कागद सोडवला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

खाली उतरताना जिना चिंचोळा होता म्हणून ती पुढे, तो मागे. रस्त्यावर आल्यावर तिने दूध संपल्याचं सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात दोघांनी दूध घेतलं, पाव घेतला, दुकानदाराशी ती हसून बोलली. सगळं नेहमीसारखं. पण त्याच्या आत काहीतरी निसटलं होतं. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक निघावी, तसं त्याला रस्ताभर होत राहिलं. समुपदेशनाला जायचं हे बायकोनेच ठरवलं होतं. तो विरोधात नव्हता, उत्साहातही नव्हता. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, घर मोकळं झालं, आणि एक दिवस जेवता जेवता बायको म्हणाली, "आपण कुणाशी तरी बोलायला जाऊया का?" त्याने विचारलं, "कशाबद्दल?" ती म्हणाली, "हे विचारावं लागतंय ना, त्याबद्दलच." त्याला वाटलं, रिकामपण आलंय. घरोघरी येतं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, जा तुम्ही. आणि प्लीज, तिथे जाऊन त्यांना समजावून सांगत बसू नका." तेव्हा दोघं हसले होते. आता पावाची पिशवी हातात धरून चालताना त्याला ते हसू आठवलं आणि कानाची पाळी गरम झाली.

मग तो शोधायला लागला. कामावर, संगणकासमोर बसून, नव्या कंदिलाच्या खोक्याच्या रेघा ओढताना. कापायची रेघ सलग, घडीची तुटक. हे काम त्याचे हात आपोआप करायचे, त्यामुळे डोकं मोकळं असायचं, आणि त्या मोकळ्या डोक्यात आता एकच प्रश्न घोळत होता: ही थांबली कधी? कागदावर नव्हे. कागदावर थांबली ते सोडा. तो मागे मागे जात राहिला. नव्या घरात आले तेव्हा ती भिंतींच्या रंगावरून भांडली होती, म्हणजे तेव्हा होती. लेकीची शाळा बदलायची की नाही यावरून आठवडाभर अबोला धरला होता, म्हणजे तेव्हाही होती. गंमत अशी की ज्या भांडणांनी त्या वेळी त्याचा जीव नकोसा केला होता, ती भांडणं आता सापडली की त्याला हायसं वाटायचं. भांडणाच्या पलीकडे शांतता होती. मित्रमंडळींत तो त्या शांततेबद्दल मोठ्या तोऱ्यात बोलायचा. "आमचं कधी वाजत नाही," म्हणायचा. बायको शेजारीच बसलेली असायची आणि मान हलवायची. आणि असं शोधता शोधता एका दुपारी, कंदिलाच्या खोक्याचं झाकण बसेना म्हणून वैतागलेला असताना, तो तिच्या आईपाशी येऊन पोचला, आणि तिथे त्याचा हात माउसवरच थांबला.

सासूबाईंना एकटीने राहणं जमेनासं झालं होतं. गॅस चालू राहायचा, दार उघडं राहायचं. बायको एका संध्याकाळी कामावरून आली, चप्पलही न काढता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आईला आपल्याकडे आणूया का रे?" तो म्हणाला होता, "बघतो ना. बसवून बघतो." आणि खरंच त्याने बघितलं होतं. घरभर टेप फिरवली. पलंग मागच्या खोलीत बसेल का, चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून वळेल का, लेकीचं अभ्यासाचं टेबल कुठे जाईल. मापात काढलेले नकाशे केले, एक फसला की दुसरा, रविवारच्या रविवार त्यात घालवले. शेवटचा तर इतका जमून आला होता की त्याचा त्यालाच अभिमान वाटला. भिंतीला आधाराची दांडी, पलंगाशेजारी घंटेचं बटण, सगळं. रंगवून तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाली, "छान केलायस." त्यानंतर तो विषय निघाला नाही. मेव्हणा येऊन आईला आपल्या घरी घेऊन गेला, वर्ष सरायच्या आत सासूबाई तिथेच वारल्या. त्याला त्या वेळी वाटलं होतं की भावाने हट्ट केला असेल, आणि आपला इतका चांगला नकाशा वाया गेला. हो, हेही वाटलं होतं. हे आठवलं तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "काय झालं हो?" "काही नाही. झाकण बसत नाहीये." तिला नकाशा नको होता. तिला दारात उभं असताना एक शब्द हवा होता, "आण." तो दोन अक्षरांचा शब्द सोडून तो रविवारमागून रविवार मापं घेत बसला होता.

पुढच्या वेळी बाईंनी पुन्हा तोच खेळ मांडला. या वेळी तो मनाशी ठरवून गेला होता. खडू हातात धरायचा आणि गप्प बसायचं. ती काढेल, आपण तिच्या मागून जायचं. तिने हिरवा खडू घेऊन एक लहानसं वळण काढलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला. तिने आणखी थोडं काढलं. तो श्वास रोखून तिच्या खडूच्या टोकाकडे बघत राहिला, काही म्हणजे काही चुकू द्यायचं नाही म्हणून. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. थोड्या वेळाने तिने खडू खाली ठेवला आणि नियम मोडून बोलली, "अरे, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा काय बघतोयस? माझा हात लटपटायला लागला." बाई हसल्या. तोही हसला, पण त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. कागद जवळजवळ कोराच राहिला. बाई म्हणाल्या, "काढत राहणं आणि थांबून राहणं, दोन्हीत सर तुम्ही एकटेच होतात, असं मला वाटलं. तुम्हाला काय वाटतं?" ही पोरगी आपल्या लेकीपेक्षा फार तर पाच-सात वर्षांनी मोठी असेल, असं त्याच्या मनात आलं. कुणाच्या तरी लग्नाबद्दल इतक्या सरळ बोलायला हिला कुणी शिकवलं? तिचं म्हणणं खोडून काढायला त्याच्याकडे मुद्दे होते, तीन तरी होते. त्याला लेकीचं वाक्य आठवलं आणि तो म्हणाला, "असेल."

सुट्टीच्या दिवशी दुपारी बायको इस्त्री करत होती. तिच्या कामाचे पांढरे डगले, एकावर एक. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला, आणि खूप दिवस तयारी केलेली गोष्ट सांगून टाकली. आईची, नकाशाची, दारातल्या त्या संध्याकाळची, आणि ती तिथेच थांबली असणार याची. हे सांगितलं की तिच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि मग आपल्याला तिच्या खांद्यावर हात ठेवता येईल, इथपर्यंत त्याने मनात योजून ठेवलं होतं. तिने ऐकून घेतलं. कॉलरीवरून इस्त्री फिरवली. "तेव्हा नाही रे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आईच्या वेळी मी चिडले होते. इतकी चिडले होते की तो नकाशा फाडून तुझ्या अंगावर फेकावासा वाटला होता. पण चिडलेलं माणूस गेलेलं नसतं. पेशंटचंही तसंच असतं. ओरडतात, शिव्या घालतात, तोवर काळजी नसते."

"मग कधी?"

"तुला तारीख हवीय का?"

"तसं नाही."

"तसंच आहे." ती थोडं हसली. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीकडे बघत, आठवून आठवून बोलायला लागली. "एक बाई होत्या माझ्याकडे व्यायामाला. अर्धांगवायू झालेल्या. उजवा हात गेला होता पूर्ण. महिनोन् महिने मी त्यांच्या बोटांशी झगडत होते. आणि एक दिवस त्यांनी कप उचलला. उचलून ओठांपर्यंत नेला, अर्धा चहा अंगावर सांडला, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या रडलो. मी धावत घरी आले. जिना धावत चढले, या वयात. तुला सांगायचं होतं. तू टेबलाशी बसला होतास, पाठमोरा. काहीतरी काढत होतास. मी दारातून बघितलं, आणि मला वाटलं, नंतर सांगू. मग हातपाय धुतले, स्वयंपाक केला. आपण जेवलो. आणि झोपताना माझ्या लक्षात आलं की मला आता ते सांगावंसं वाटतच नाहीये. कुणालाच नाही, असं नाही. म्हणजे, तुलाच."

तो म्हणाला, "मला माहीतच नाही हे."

"कसं असणार? तू मला पाहिलंही नव्हतंस. त्या दिवशी तुझी काहीच चूक नव्हती." तिने पुढचा डगला उचलला. "म्हणून तर मी घाबरले."

आईच्या प्रसंगात त्याला निदान पकडायला काहीतरी होतं. चूक होती, तिला कडा होत्या, तिची माफी मागता येत होती. या संध्याकाळीला कुठेच धरता येईना. कोणत्या खोक्याचं काम होतं ते? कोणता ऋतू होता? त्याने मागे वळून पाहिलं असतं तर? कशाने वळला असता? दाराचा आवाज आला असता, तिच्या धापेचा आला असता. आला असणारच. आपल्या पाठीमागे एक बाई धापा टाकत, डोळे भरून, आनंदाने उभी होती, आणि आपण शांतपणे घडीची रेघ तुटक करत बसलो होतो, आणि त्या दिवशी आपली काही चूक नव्हती. अशा किती संध्याकाळी गेल्या असतील, त्याला कळेना. इस्त्रीच्या वाफेचा गरम वास खोलीभर पसरला होता. खांद्यावर हात ठेवायचं राहून गेलं. ठेवायला हवा होता असं त्याला नंतर वाटलं, पण त्या वेळी तो हात आपला आहे की योजलेला, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

त्यानंतरच्या भेटीत बाईंनी खडू काढलेच नाहीत. दोघांना एकेक पेन आणि एकेक कागद दिला, खुर्च्या समोरासमोर लावायला सांगितल्या. एकमेकांचा चेहरा काढायचा, पण कागदाकडे एकदाही बघायचं नाही. नजर समोरच्यावर, पेन जाईल तसं जाऊ द्यायचं. "वाईटच येतं सगळ्यांचं," बाई म्हणाल्या, "त्यामुळे घाबरू नका." त्याने पेन टेकवलं आणि वर पाहिलं. पहिले काही क्षण दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. लग्न ठरताना पाहिलं होतं तेवढंच काय ते समोर बसून पाहिलेलं, पुढे सगळं बघणं शेजारून किंवा कामातून. मग पेन कपाळावरून निघालं. तिच्या डाव्या भुवईत दोन पांढरे केस होते. खालचा ओठ एका बाजूला किंचित जाड होता. चष्म्याने नाकावर दोन खळगे पाडले होते आणि त्यांची कातडी चकाकत होती. हे सगळं केव्हापासून होतं? हनुवटीखाली सैल पडलेली एक घडी होती, आणि सासूबाईंची तशीच होती हे त्याला आत्ता दिसलं. तीही बघत होती. तिची नजर त्याच्या कानावरून जबड्यावर सावकाश उतरली, ते त्याला बोट फिरावं तसं कळत होतं. आपल्याकडे इतका वेळ कुणी बघतंय याची त्याला लाज वाटली, आणि पाठोपाठ, हे लवकर संपू नये असंही वाटलं.

बाईंनी बस म्हटल्यावर दोघांनी कागद उलटे फिरवून दाखवले. त्याने काढलेल्या चेहऱ्यात एक डोळा कानाच्या पलीकडे गेला होता आणि नाक चेहरा सोडून स्वतंत्रच उभं होतं. तिने काढलेला तो तर फणस होता, वर दोन केस उगवलेला. "हा मी?" तो म्हणाला. "अगं, हा भाजीवाल्याने तोलून दिल्यासारखा दिसतोय." तिला हसू फुटलं. "आणि माझं नाक कुठे चाललंय, बघ ना! बस पकडायला?" दोघं हसत सुटले. थांबले, एकमेकांच्या कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा सुटले. तिने चष्मा काढून डोळे पुसले. बाईही हसत होत्या. किती वर्षांनी, असं त्याच्या मनात आलं. झालं, तो मनाशी म्हणाला, जमतंय. तेवढ्यात बायकोने चष्मा परत लावला, एक दीर्घ श्वास घेतला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी घर बघितलंय रे. भाड्याने. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत."

हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं. ते कसं काढायचं हे त्याला कळेना. "तुला आधीच सांगायचं होतं," ती म्हणाली, "पण रागात असताना सांगायचं नव्हतं. आणि आपण नुसतेच गप्प असतानाही नाही." म्हणजे ती या हसण्याची वाट बघत होती. त्याला ते उमगलं, आणि तिचा राग येईल म्हणून त्याने वाट पाहिली, पण राग आला नाही. बाईंकडे पाहिलं तर त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

"कधी जाणार?"

"पुढच्या महिन्यात."

"सामान एकटीला..."

"दादा येतोय."

"लेकीला..."

"तिला सांगायला आपण दोघं मिळून फोन करू. चालेल?"

त्याने मान हलवली. पुढचे प्रश्न त्याच्या जिभेवर रांगेत उभे होते: खोल्या किती, पाणी किती वेळ, मालक कसा आहे, करार वाचलास का. त्याने ते सगळे गिळले. त्यांच्या मागे आणखी एक होता, तो कुठून आला त्याला कळलं नाही. "ऊन येतं का तिथे?" त्याने विचारलं.

ती क्षणभर गोंधळली, जणू हे दुसऱ्याच कुणीतरी विचारलं होतं. मग म्हणाली, "येतं. सकाळचं येतं." आणि थांबली नाही. ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावरून जमिनीवर उतरतं आणि पलंगाच्या पायापर्यंत येतं, म्हणाली. खालच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ रोज एकाच खुर्चीवर बसून रेडिओ ऐकतात. नळ सोडला की आधी भिंत गुरगुरते. एका दाराला रंगाचे इतके थर आहेत की ते लागतच नाही, पण तिला ते तसंच आवडलंय. ती सांगत गेली, हात हलवत, मधेच स्वतःशीच हसत. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि काही म्हटलं नाही. तो ऐकत होता, मधे एकदाही न बोलता. ते घर त्याच्यासमोर एकेक खोली करून उभं राहत गेलं, ऊन, नळ, रेडिओ, न लागणारं दार, सगळं नीट दिसायला लागलं. त्यात त्याने काही करावं असं एकही ठिकाण त्याला दिसेना, आणि तरी तिचं सांगणं लवकर संपू नये म्हणून त्याने हळूच विचारलं, "आणि संध्याकाळी?"